रंगूकाकीच्या चिंध्या

आमच्या वाडीमागच्या टेकडीवर कुड्याची चौदा झाडं आहेत. त्यातली औषधाची कुठली, हे फक्त रंगूकाकीला ठाऊक. पांढरा कुडा औषधाचा, काळा तिच्या लेखी बिनकामाचा. फुलं मात्र दोघांचीही पांढरीच. चैत्रात झाडं फुलली की काकी एकेक फूल डोळ्याशी धरून बघायची आणि खऱ्या झाडाला जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांधायची. मग वर्षभर गुरांना हगवण लागली की त्याच झाडाची साल.

गेल्या वर्षी मला काय सुचलं कोण जाणे! नळावर सहज सोडून दिलं, "काकीची चिंधीची झाडं नवसाला पावतात. नाहीतर नवऱ्यामागं एकटीनं पोरगा न्हावा शेव्याच्या बंदरात चिकटवला कसा?" शेजारच्या केसरनं लगेच आपल्या पोरासाठी, निकेशसाठी, चिंधी बांधली, तीही पहिलं फुललेलं दिसलं त्या झाडाला. निकेशला नोकरी लागली. गणपतीपर्यंत चौदाही झाडं चिंध्यांनी तांबडी झाली. मी घरात पोट धरून हसले.

हसू जिरलं परवा दुपारी. काकीचं महिन्याचं वासरू, चांदी, सकाळपासून हगत होतं आणि आता मान टाकून पडलं होतं. नागावच्या होमस्टेंना दूध घालून काकीचं घर चालतं. मागं असंच एक वासरू गेलं तेव्हा गाईनं पान्हा चोरला तो चोरलाच, आटूनच गेली.

गुरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "मुरुडला आहे. संध्याकाळ होईल. तोवर मीठ-गुळाचं पाणी पाजत राहा."

केसर वाटी घेऊन वासरापाशी बसली. काकीनं कोयता माझ्या हातात दिला. "चल. आन् डोले नीट उघडे ठेव."

माझ्या खांद्याला धरून ती टेकडी चढली. मोतीबिंदूमुळं यंदा तिला झाडं दिसतात, पण फुलातलं काही दिसत नाही.

"चिंधी तर सगळ्यांनाच हाय," ती म्हणाली. "माझी गाठ कोणची न् ह्यांची कोणची?"

ऊन टाळूवर, आणि खालून गाईचं हंबरणं.

"हे पांढरं गो," मी पहिल्याच झाडाशी म्हटलं. साल काढली. काकी म्हणाली, "चाव."

"मी?"

"माझी जीभ मशेरीनं मेली. तुझी गावभर चालते, जरा कामाला लाव."

चावली. काहीच चव नाही.

"मग काळा हाय. घाई करतेस. फुलाच्या मधी बघ. बारीक झालर हाय?"

होती. दोऱ्याच्या दशांसारखी.

"झालर दिसली की पुढं चल. पांढऱ्याच्या मधी काय नसतं."

दुसऱ्याला झालर. तिसऱ्याला झालर. गाय हंबरायची थांबली तशी काकीची बोटं माझ्या खांद्यात रुतली. पाचव्याच्या फुलात मी तीनदा बघितलं. मधे काहीच नव्हतं. साल चावली आणि डोळ्यांतून पाणी आलं. इतकं कडू की थुंकायलाही सुधरेना.

"व्हय," माझं तोंड बघून काकी म्हणाली, "हाच."

काढा पाजला तेव्हा चांदीनं निम्मा सांडला. डॉक्टर दिवेलागणीला आले, सलाईन लावलं. म्हणाले, "पाणी पाजत राहिलात म्हणून टिकलं." काकी म्हणाली, "कुड्यानं टिकलं." जन्मात पहिल्यांदा मी मधे तोंड घातलं नाही.

सकाळी चांदी लटपटत उठली, आचळाला लागली, आणि गाईनं पान्हा सोडला. मी चहासुद्धा न घेता चिंध्या सोडायला टेकडीवर गेले. बघते तर केसर आपल्या झाडाला, काल मी चावलेल्या त्या पहिल्याच काळ्याला, पाठ लावून उभी! "हात लावून दाखव. माझा निकेश लागलाय ह्याच्यावर."

मागून काकी चढत आली, हातात होडीची निळी दोरी.

"र्‍हाऊ दे तिची. काळ्याला कोण साल मागतंय? तू मला फुलं बघून दे, आपल्याला आता निळी दोरी."

पांढऱ्याची पाच झाडं निघाली. गाठी मीच मारल्या. शेवटची आवळताना काकी म्हणाली, "आन् बायो, नळावर जाशील तवा सांग, निळी दोरी दुसऱ्या कोणी बांधली तर नवस उलटतो."

"मी कशाला सांगू?"

"गेल्या वर्षी सांगितलंस तसंच."

घरी येऊन मी घागर उचलली. दुपारपर्यंत वाडीभर पोचलं होतं.