ठमाबाईच्या डोक्यावरचा कॅन

पाळी गेली तेव्हा ठमाबाईला वाटलं, सुटले एकदाची. झालं उलटंच. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावर तिची वाडी. तिथली रीत अशी, की विटाळशीनं दुधाला शिवायचं नाही, म्हशी आटतात. सून ज्योती महिन्यातले चार दिवस बाजूला बसायची. म्हणून नवऱ्यानं, नाथूनं, परस्पर ठरवून टाकलं, "तू आता तीसबी दिस चोख हायस. कॅन तूच न्यायचा." दहा लिटरचा कॅन, तासभराची उतरण आणि खाली हायवेवरचं हॉटेल. ठमाबाई या मानानं फुशारलीसुद्धा! गोठ्यात पाच म्हशी, पण तिचा चहा जन्मभर कोरा. दूध विकायचं असतं, घरच्या बाईनं प्यायचं नसतं.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात ती शेवाळावर घसरली. पडली ती अगदी साधी, हात टेकून, तरी मनगट मोडलं. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं आणि नाथूला समोर बसवून सांगितलं, "पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात. एवढ्याशा पडण्यानं मनगट गेलं, पुढच्या वेळी खुबा जाईल. गोळ्या द्या, रोज दूध द्या आणि ओझं घेऊन त्या उतरणीवर पाठवू नका."

नाथूनं मान डोलावली. मान डोलवायला त्याचं काय जात होतं?

घरी आल्यावर ज्योती म्हणाली, "आत्याबाय, कॅन मी नेते." ठमाबाईनं आशेनं नवऱ्याकडे पाहिलं.

"आन् म्हशी आटल्या मंजे?" तो खेकसला. आपण न्यावा हे त्याच्या मनातही आलं नाही. डोक्यावरचं ओझं बायकांचं. संताप याचा येतो, की म्हशींच्या धास्तीनं ठमाबाईही गप्प बसली. तिसऱ्याच दिवशी प्लास्टरचा हात गळ्यात बांधून, दुसऱ्या हातानं कॅन सावरत ती पुन्हा उतरणीला लागली आणि त्याच जागी पडली. खुबा मोडला.

चौघांनी डोलीतून खाली नेली. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही. पडवीतली बाज हेच तिचं जग झालं.

कॅन दुसऱ्याच दिवशी ज्योतीच्या डोक्यावर गेला होता. एक महिना गेला, दुसरा गेला. ज्योती एकही दिवस बाजूला बसली नाही, नाथूनं एकदाही विचारलं नाही. पाचही म्हशी पहिल्यासारख्याच दूध देत होत्या.

एका सकाळी ज्योती डोक्यावर चुंबळ ठेवत होती. बाजेवरून ठमाबाईनं नवऱ्याला विचारलं, "अवो, त्यो इटाळ कुठं गेला आता?"

नाथू सुनेच्या डोक्यावर कॅन चढवत म्हणाला, "चल गो, उशीर व्हतोय."