नळी कुणी झाडायची

माझी शाळा चौथीपर्यंत. गॅसपासून धागा निघतो असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मी तो निघताना पाहिला आहे आणि तिथली फरशी पुसली आहे, म्हणून लिहिते.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या कारखान्यांच्या मागे एक लहान शेड आहे. आत एक लांब नळी, तिच्याभोवती भट्टी. एका तोंडाने गॅस आणि थोडी लोखंडाची वाफ सोडतात. आतल्या आगीने गॅस फुटतो, त्यातला कार्बन सुटतो आणि डोळ्याला न दिसणारे तंतू होऊन एकमेकांत गुंततो. दुसऱ्या तोंडातून धुराचा मोजा लोंबावा तसं काळं काही बाहेर येतं. ते सळईने अलगद ओढून रिळावर घ्यायचं. वाटेत त्यावर औषध फवारलं की ते आक्रसतं आणि धागा होतो. पोलादाहून चिवट, शेडचे मालक, आमचे साहेब, म्हणायचे.

तो मोजा साहेबांच्या हातून दर वेळी तुटायचा. माझ्या सुनेच्या हातून तुटत नसे. काचेच्या पेटीला बसवलेल्या हातमोज्यांत हात घालून ती तो असा ओढायची, जसा आम्ही कापसाचा पेळू ओढतो. म्हणून तिला रिळावर ठेवलं. मी झाडलोटीला.

शेड बघायला पाहुणे आले की साहेब सांगायचे, "सगळं बंद नळीत होतं. बाहेर कण येत नाही." चालू असताना ते खरं होतं. पण भट्टी थंड झाली की नळी उघडून आतली काजळी खरवडावी लागते. ते काम बायकांचं, कोरड्या ब्रशने. चांगले मास्क कपाटात, कुलपात. पाहुण्यांसाठी. आम्ही तोंडाला पदर बांधायचा.

माझी थोरली बहीण परतूरला जिनिंगमध्ये होती. कापसाच्या धुळीने खोकून खोकून मेली. तिच्याही तोंडाला पदरच होता. पदराने काय अडतं ते मला कुणी शिकवायला नको.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पूजेसाठी नळी साफ करायची होती. साहेबांनी बजावलं, "उद्या निरांजन न्हाई, उदबत्ती न्हाई. गॅस आहे. विजेची पणती लावा." त्यांच्या शेडची केवढी काळजी! इकडे सून नळीत खांद्यापर्यंत हात घालून ब्रश मारत होती. काळा भुगा पिठासारखा उडत होता. ती खोकली.

"थांब," मी म्हटलं. "ओल्या फडक्यानं पूस."

"ओलं चालत न्हाई, आत्याबाई. साहेब वरडतेत."

"वरडू दे."

साहेब आलेच. पांढरा शर्ट, उद्याच्या हाराचं विचारायला.

"साहेब, बायकांना मास्क द्या," मी म्हटलं.

"मावशी, काय होत न्हाई हो. चुलीपुढं जन्म गेला तुमचा. हे त्याच्यापेक्षा स्वच्छ आहे."

दोघी-तिघी हसल्या. सूनही हसली, भीतीने. मी तिच्या हातातून ब्रश घेतला आणि साहेबांच्या छातीसमोर धरून दांड्यावर एक टिचकी मारली.

साहेब दोन पावलं मागे उडाले. शर्ट नाही झटकला. आधी नाक झाकलं, दोन्ही हातांनी.

"आता का नाक झाकलं?" मी म्हटलं. "स्वच्छ आहे ना?"

या माणसाला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरी त्याने माझ्या सुनेला नळीत घातलं. तो माझ्यासारखा अडाणी असता तर समजून घेतलं असतं. तो शिकलेला आहे.

कपाट उघडलं. प्रत्येकीला मास्क मिळाला. मला संध्याकाळी सांगितलं, "मावशी, आता घरी आराम करा."

घराच्या दाराशी सून म्हणाली, "माझंबी काम गेलं असतं म्हंजी?"

"गेलं असतं तर गेलं असतं."

"तुमाला सोपं हाये बोलणं."

सोपं नव्हतं. पण मी माफी मागितली नाही आणि मागणार नाही.

ती अजून जाते. भट्टी थंड केल्याच्या दिवशी ती घरी आली की मी पांढरं फडकं पुढे करते आणि नाक शिंकरायला लावते. तिला राग येतो. येऊ दे. दिवाळीपर्यंत फडकं पांढरं राहिलं.

परवा काळं निघालं.

"मास्क कुठं होता?"

ती चप्पल काढत राहिली. "पाव्हणे आल्ते. त्यांना कमी पडले."

मी फडकं धुतलं नाही. घडी करून पिशवीत ठेवलं आहे. उद्या सकाळी तिच्याबरोबर मीही जाणार आहे. फाटकावर अडवलं तर फाटकावर बसेन. पाहुण्यांची गाडी तिथूनच आत जाते.