पंखाचे चार मिलिमीटर

आमची ही कवळ्या करते, दातांच्या. एकतीस वर्षं एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून लोकांना पुन्हा चावायला शिकवते. एखादा दात केसभर वर राहिला तरी माणूस जेवणावरून उठतो, हे तिचं ठरलेलं वाक्य. सुट्टीच्या दिवशी ही बाई हातातल्या रेडिओवर चालणारी कसरतीची छोटी विमानं उडवते. मी गाडी चालवतो, पेटी उचलतो आणि कोणी विचारलं नाही तरी मतं देतो.

क्लबच्या संघात यंदा एकच जागा होती. मागची दोन वर्षं ती हिच्या हातातून निसटली होती, आणि दोन्ही वेळा घोडं एकाच ठिकाणी अडलं. विमान कुशीवर घ्यायचं, एक पंख जमिनीकडे, एक आभाळाकडे, आणि तसंच मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ न्यायचं. त्यासाठी शेपटीवरचं रडर, म्हणजे सुकाणू, दाबून धरावं लागतं. हिने रडर दाबलं की विमान आपोआप लोळून सरळ व्हायला बघायचं. मग उजव्या हाताने त्याला सारखं मागे रेटत राहायचं. ती ओढाताण परीक्षकांना लांबूनही दिसायची.

"रेडिओत मिक्स टाका," क्लबचे सेक्रेटरी म्हणाले. म्हणजे रडर हललं की पंखांच्या कडेच्या झडपा रेडिओ स्वतःच जरा उलट्या हलवणार. दोन मिनिटांचं काम.

हिने ऐकून घेतलं, आणि घरी येऊन पंख मधोमध करवतीने कापला. निवड आठ दिवसांवर होती.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" मी दारातूनच विचारलं.

"पंखांची टोकं जरा जास्तच वर उचललेली आहेत," ती भुसा फुंकत म्हणाली. "म्हणून ते लोळतं. मिक्स एका वेगाला जुळेल, दुसऱ्याला नाही. कवळी उंच झाली तर मी पेशंटला जबडा वाकडा धरा म्हणून सांगते का?"

तिने दोन्ही टोकं चार-चार मिलिमीटर खाली आणली, पंख पुन्हा जोडला आणि जोडावर फायबरग्लासची पट्टी चिकटवली. मग असा वारा सुटला की चाचणीचं उड्डाण राहूनच गेलं. ती निवांत. मी मात्र दिवस मोजत होतो. शेवटी एका संध्याकाळी, बॅटरी दाखवून आणतो म्हणून मी रेडिओ नेला आणि सेक्रेटरींकडून गुपचूप मिक्स टाकून आणलं. पंख कापल्याचं त्यांना बोललोच नाही. म्हटलं, दोन औषधं घेतली तर दुप्पट गुण येईल.

निवडीला दोन उड्डाणं होती, त्यातलं चांगलं धरणार होते. पहिल्यात विमान कुशीवर आलं, हिने रडर दाबलं, आणि ते आता दुसऱ्याच बाजूला लोळून उताणं व्हायला लागलं. तिने कसंबसं सावरून खाली आणलं.

बाकावर बसून ती पंखाला मोजपट्टी लावून बघत होती. "माझं माप चुकलं," ती म्हणाली.

हे वाक्य मी तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"तुझं नाही चुकलं. मी मिक्स टाकून आणलंय."

"पंख कापल्यावर?"

"हो."

आता काही माझी खैर नाही, असं वाटलं. तिने रेडिओ घेतला, मिक्स काढून टाकलं आणि म्हणाली, "घरी बोलू."

दुसऱ्या उड्डाणालाही कसरतींची नावं वाचायला मीच शेजारी उभा होतो. "उजवी कूस," मी वाचलं. विमान कुशीवर आलं. तिने डाव्या अंगठ्याने रडर दाबलं. विमान जराही लोळलं नाही. मग तिने उजवा हात रेडिओवरून अख्खा उचलला, माझ्याकडे न बघता माझ्या मनगटावर ठेवला, आणि विमान तसंच कुशीवर मैदान ओलांडून गेलं.

"पुढचं वाचा," ती म्हणाली. मला कागदावरची अक्षरं दिसत नव्हती.

जागा हिलाच मिळाली. घरी मी बोलणी खायला तयार बसलो होतो, पण तिने चहा ठेवता ठेवता एवढंच विचारलं, "माझ्या हाताचा भरवसा कधीपासून वाटेनासा झाला हो तुम्हाला?"

हल्ली मी फक्त गाडी चालवतो आणि पेटी उचलतो.