मागून दिसणारी चाल

ड्रायव्हर तसा भित्रा माणूस नव्हता. अर्धं आयुष्य त्याने लांब पल्ल्याच्या बस चालवल्या. एकदा भर उतारावर ब्रेक गेले तेव्हा त्याने गाडी मातीच्या ढिगाऱ्यात घालून थांबवली होती, आणि प्रवासी किंचाळत असताना हा पठ्ठ्या खाली उतरून आपली हरवलेली चप्पल शोधत बसला होता. डेपोत ही गोष्ट अजून सांगतात. दरवेळी ती चप्पल आणखी थोडी लांब जाऊन पडते.

असा माणूस चालत्या माणसांच्या वेगाने गाडी हाकताना घामाने भिजून जात होता, हे डेपोत कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी वेड्यात काढलं असतं.

पदयात्रा होती एका आजारासाठी. म्हणजे त्याच्यावर औषध शोधणाऱ्या संशोधकांना पैसे मिळावेत म्हणून समुद्राकाठच्या शहरातून निघायचं, वाटेतल्या गावागावांत डबे फिरवायचे, आणि डोंगरापलीकडच्या त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात जाऊन थांबायचं. आजार नसांचा, घराण्यात उतरत येणारा. चाळिशीच्या आगेमागे तो आधी पाय धरतो, मग हात, शेवटी जीभ. ड्रायव्हरची सासू त्यातच गेली. मग मेहुणा गेला, आणि तो गेल्यावर त्याच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे ड्रायव्हरच्या बायकोने, या पदयात्रेत नाव घातलं. ती शाळांचे गणवेश शिवायची. आयुष्यात बाजारापलीकडे चालली नव्हती. "जमेल का तुला?" असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "न जमायला काय झालं? पायच तर टाकायचे एकापुढे एक."

ड्रायव्हरने रजा टाकली आणि यात्रेची मदतगाडी घेतली. पाण्याचे कॅन, मलमपट्ट्या, दमलेल्यांसाठी दोन बाकं. नियम एकच होता: गाडी सगळ्यात मागे राहणार, दिवे लुकलुकत ठेवणार, म्हणजे मागून येणारा कुणी चालणाऱ्यांच्या अंगावर जाणार नाही. त्यामुळे दिवसभर त्याच्यासमोर पाठीच पाठी. लोक माणसं तोंडावरून ओळखतात, हा पाठीवरून ओळखायला लागला. सगळ्यात पुढे शिट्टी घेऊन व्यायाम शिकवणारे मास्तर, चालतात असे की जणू गाडी सुटते आहे. आणि सगळ्यात शेवटी, त्याच्या काचेच्या अगदी पुढ्यात, बायको. रोज तीच जागा.

सुरुवातीला त्याला त्याची गंमत वाटली. लग्नानंतर बायकोकडे इतका वेळ टक लावून बघायची सवड कधी मिळाली होती? मग एका सकाळी, चढ संपून सपाटी लागली तेव्हा, तिच्या डाव्या बुटाचा चवडा रस्त्याला घासला. किंचित धूळ उडाली. दहा-वीस पावलं बरी गेली आणि पुन्हा घासला.

ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

मेहुण्याचं असंच सुरू झालं होतं. तो उंबऱ्याला अडखळायचा आणि सगळे हसायचे. सर्वांत मोठ्याने ड्रायव्हरच हसायचा.

आता माणसाच्या मनाचं असं असतं की त्याला जे बघायचं नसतं त्यासाठी ते शंभर कारणं हुडकून आणतं. ड्रायव्हरने पहिलं कारण हुडकलं ते पायाच्या फोडांचं. विसाव्याला तो मलमाची डबी घेऊन तिच्यासमोर जाऊन बसला. "काढ बघू बूट."

"अहो, लोक बघतायत!"

"बघू देत. काढ."

तळवा स्वच्छ होता. साधं लालही झालं नव्हतं. तो पाय हातात घेऊन तसाच बसून राहिला, तेव्हा ती हसून म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझा पाय आज दिसला होय?" त्याला हसू येईना.

मग त्याला रस्त्याची आठवण झाली, आणि बुडत्याला काडी सापडावी तसं झालं. डांबरी रस्ता मधे फुगीर आणि कडेला उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. कडेने चालणाऱ्याचा एक पाय सतत खाली पडतो. तसा पाय घासणारच! शिकाऊ ड्रायव्हरना तो स्वतःच शिकवायचा की गाडी एका अंगाला ओढतेय असं वाटलं तर आधी रस्ता बदलून बघा. सपाट रस्त्यावरही ओढली, तर मात्र रस्त्याला शिव्या देऊ नका, गॅरेज गाठा.

पुढे कारखान्यांची एक वसाहत होती. तिच्यातून जाणारा सिमेंटचा रस्ता टेबलासारखा सपाट होता. तिथून गेलं तर फेरा पडायचा. ड्रायव्हरने गाडी पुढे नेऊन मास्तरांना गाठलं आणि सांगितलं, "हायवेवर पुढे खोदकाम चाललंय. आतून घ्या सगळ्यांना."

"केवढा वळसा पडेल!" मास्तर कुरकुरले. पण रस्त्याच्या बाबतीत ड्रायव्हरचा शब्द कोण मोडणार? आयुष्यात रस्त्याबद्दल तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता. त्यापायी सगळी मंडळी, त्यातली म्हातारी माणसंसुद्धा, उन्हात जास्तीचं चालली. त्याला त्याची लाजही वाटली नाही. भीतीने माणूस आपमतलबी होतो, एवढं खरं.

वसाहतीत सुट्टी होती. ट्रक नाहीत, भोंगे नाहीत, रस्ता अगदी शांत. हीच चूक झाली. हायवेच्या गोंगाटात त्याला नुसतं दिसत होतं, इथे ऐकू यायला लागलं. खर्र. मग बराच वेळ काही नाही. त्याचे खांदे जरा सैल पडायचे, आणि पुन्हा खर्र. त्याने काच वर केली तरी ते कानात शिरतच होतं. स्टिअरिंग ओलं झालं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्याच्या मनाने क्षणात जिन्याचे कठडे, चाकाची खुर्ची, चमच्याने भरवणं असं सगळं दाखवून टाकलं. मग मुलीचा चेहरा समोर यायला लागला. परगावी शिकणारी, आईच्या वळणावर गेलेली. तो विचार त्याने दातओठ खाऊन मागे ढकलला.

दुपारी एका बंद उपाहारगृहाच्या छपराखाली सगळे टेकले. बायको पाण्याची बाटली घेऊन केबिनमध्ये चढली. चढताना तिने दाराची कडी धरली, हेही त्याने टिपलं. ती शेजारी बसली आणि समोर बघत म्हणाली, "हायवेवर खोदकाम नव्हतं."

"होतं की. मला एका..."

"तुमचे कान लाल झालेत." तिने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "काय दिसलं तुम्हाला?"

"कुठे काय? काही नाही."

"अहो, मी शेवटाला का चालते? गाडी तुम्हीच घ्यायची असा हट्ट मी का धरला? दादाबरोबर आम्ही सगळे बाजूने चालायचो, गप्पा मारत. मागून कुणी बघितलंच नाही त्याला. जिन्यावरून पडला तेव्हा कळलं." तिचा आवाज बारीक झाला. "गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या मशीनचं चाक मधूनच उलटं फिरतं. पायाची लय चुकते आणि दोरा तुटतो. मी आपली मशीनलाच तेल घालत बसले. सांगा ना. घासतो का पाय?"

ड्रायव्हरला वाटलं, आत्ता या घटकेला कुणीतरी यावं. मास्तरांनी शिट्टी मारावी, टायर फुटावा, काहीही व्हावं. कुणी आलं नाही. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. ते जिभेवर येऊनही बसलं होतं. पण मेहुणा जिन्याखाली पडलेला त्यानेच उचलला होता.

"डावा," तो म्हणाला.

"नेहमी?"

"नाही. मधून मधून. दमलीस की जास्त."

तिने मान हलवली. कपड्याचं माप ऐकून घ्यावं तशी, शांतपणे. तो जरा सावरतोय तोच तिचा चेहरा एकदम चुरगळला आणि ती हुंदका देऊन म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल."

त्याने तिचा हात धरला. तो हात बर्फासारखा गार होता आणि त्याचा स्वतःचाही तसाच होता. "मी फार भ्यालोय गं," तो म्हणाला.

"मला पण भीती वाटते."

बाहेर कुणीतरी कुणाची तरी थट्टा करत होतं आणि सगळे हसत होते. मग खरंच शिट्टी झाली. तिने पदराने तोंड पुसलं, नाक ओढलं. "पोहोचलो की तिथल्याच डॉक्टरांना दाखवू. तोवर पोरीला एक अक्षर बोलायचं नाही."

"नाही बोलत. तू बस आता गाडीत. मास्तरांना मी सांगतो काहीतरी."

"नको. आज बसले तर उद्या उठायची नाही मी. आणि तुम्हाला दिसायचं ते दिसलं आता."

ती खाली उतरली, बुटाची नाडी घट्ट केली. लोक रांगेत उभे राहत होते. ड्रायव्हरने दिवे सुरू केले आणि ती आपल्या नेहमीच्या जागी, काचेसमोर येईल म्हणून वाट बघत राहिला. ती आली नाही. ती सगळ्यांच्या कडेने सरळ पुढे गेली, मास्तरांशी काही बोलली, आणि त्यांच्याही पुढे जाऊन उभी राहिली.

रांग हलली. ड्रायव्हरने मान उंचावली, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. समोर सगळ्यांच्या पाठी होत्या. तिची तेवढी दिसत नव्हती.