टाकून दिलेल्या टकरी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आता एकट्याने पेलवत नाही — आणि तुम्ही वैशालीला ओळखत नाही.

माझं काम जरा विचित्र आहे. परदेशातल्या एका अजस्र यंत्रात कणांच्या टकरी होतात, सेकंदाला कोट्यवधी. सगळ्या साठवणं अशक्य. कुठली ठेवायची, कुठली टाकायची हे पापणी लवायच्या आत ठरवणारी यंत्रणा म्हणजे ट्रिगर. ती आखणाऱ्यांतला मी एक, राहणार अंबरनाथ. टाकलेली टक्कर पुन्हा मिळत नाही, हा आमचा पहिला धडा. नवीन मुलांना तो मीच शिकवतो. कुठल्या तोंडाने?

वैशाली आमच्या गटात पीएचडी करायची. उल्हासनगर कॅम्प तीनची, भावाचा जीन्स शिवायचा कारखाना. दोघं इकडचेच, म्हणून मला दादा म्हणायची. ती शोधत होती ते कण दुर्मीळ, आणि तिच्या हिशेबापेक्षा फारच कमी सापडत होते. "दादा, ट्रिगर एकदा बघतोस का? एकाच बाजूने काही येत नाहीये."

बघितलं. त्या बाजूचे सेन्सर उगाच खोटे सिग्नल द्यायचे, म्हणून एका चाचणीपुरती मीच ती बंद केली होती. चाचणी झाली — उघडायची राहिली. तिचे कण येत होते आणि मी ते फेकत होतो, महिनोन्‌महिने. एव्हाना यंत्रही मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झालेलं. नव्या टकरी आता काही वर्षांनी.

तरी सांगितलं असतं, तर ती बाजू वगळून तिचा हिशेब जुळला असता. प्रबंध तरला असता. पण नव्या ट्रिगरसाठी माझा आराखडा निवड समितीपुढे होता. मी गुपचूप ती बाजू उघडली आणि म्हणालो, "ट्रिगर ठीक आहे गं. तुझा प्रोग्रॅम तपास."

तिने तपासला. पुन्हा पुन्हा तपासला. नसलेली चूक सापडणार कशी? बैठकीत तिच्या गाईड सरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं, तेव्हा मी — मी काय केलं? लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. माझा आराखडा निवडला गेला. तिने पीएचडी सोडली.

आता ती भावाच्या कारखान्यात चेकिंगला बसते. परवा गेलो होतो. का गेलो, मलाही माहीत नाही. बोलता बोलता तिने शिलाई सुटलेली एक पँट बाजूला टाकली. "हापण माल जातो, दादा, कॅम्प दोनच्या बाजारात, स्वस्तात. फेकत काहीच नाय आपण." मग एकदम म्हणाली, "माझं काय चुकलं होतं रे? नंतर सापडलं का कोणाला?"

वाक्य ओठांवर होतं. देवाशपथ होतं.

"नाही," मी म्हणालो.

"जाऊ दे. माझंच डोकं कमी पडलं," म्हणाली आणि तिने माझ्यासाठी चहा मागवला. तो मी प्यायलो.

तिचा हिशेब बरोबर होता. पहिल्यापासून बरोबर होता. हे आता तुम्हालाही माहीत आहे. तिला नाही.