नानासाहेबांची फटफटी आणि दौऱ्यावरचा तंबू

आमच्या अमरावतीच्या बाररूमात अशिलांची वाट पाहता पाहता एवढे किस्से साचतात, की अशील खरंच आला तर त्याला बसायला जागा उरत नाही! त्यातले निम्मे एकट्या नानासाहेब वकिलांचे.

विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी फटफटी त्यांनी घेतली. म्हणाले, "एकटा चिखलदऱ्याले जातो. डाकबंगला नको, खानसामा नको. तंबूत राहीन, हातानं रांधून खाईन!" घरात हा माणूस पाण्याचा पेलासुद्धा स्वतः भरून घेत नाही.

त्यांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या काकूंनी, लगेच शर्त घातली. "कोनाच्या घरात पाऊल टाकाचं नाई. जमलं तं फटफटी दारात राहीन. नाई तं इकून टाकीन अन् म्हैस आनीन!"

*

परतवाड्याच्या अलीकडे एका जुन्या अशिलानं रस्ता अडवला. "वकीलसाहेब, आमच्या दारावरून उपाशी जाता? आमचं घर जळालं का?" नानासाहेब पेचात पडले. पण वकीलच तो! फटफटी अंगणात नेली आणि सीटवर बसूनच भाकरी, झुणका, वर ताक. पाय जमिनीला लागला नाही.

"शर्त पावलाची होती," नंतर बाररूमात आम्हाला डोळा मारून म्हणाले. "पोटाची नाई!"

*

घाटात फटफटीनं मान टाकली. शेवटी एका गाडीवानाची बैलजोडी जुंपली. नानासाहेब गॉगल लावून, हँडल धरून, सीटवर ताठ! गाडीवानानं मागं वळून विचारलं, "साहेब, हिले पेट्रोल लागते न? मंग थे माह्या बैलाले पाजू का?"

*

ओढ्याकाठी खिचडी शिजवली. माकडानं पातेलंच पळवलं. नानासाहेब काठी घेऊन धावणार, तेवढ्यात त्यानं एक घास खाल्ला आणि पातेलं आणून परत ठेवलं!

*

मग एका गावाबाहेर तंबू ठोकला. आपल्या वऱ्हाडात हिवाळ्यात तंबू कोण ठोकतो? दौऱ्यावरचा साहेब! अर्ध्या तासात दूध आलं, कोंबडी आली, सरपण आलं आणि मागोमाग गाऱ्हाणी आली. किसन आणि त्याच्या शेजाऱ्याचं धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, आंब्यावरून भांडण होतं. "मी साहेब नाई," असं सांगायला नानासाहेबांनी तोंड उघडलं होतं म्हणे, पण तेवढ्यात कोंबडीचा वास आला.

मग काय! दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: आंबा शेजाऱ्याचा. किसनचं तोंड उतरलेलं पाहून सवयीनं बोलून गेले, "नाराज होऊ नोको बापा. अपील करू! अमरावतीले ये." आणि घराचा पत्ताही देऊन बसले.

*

परत आल्यावर काकूंनी ती सीटवरच्या भाकरीची हकिकत आमच्याकडूनच काढली. "निकाल राखून ठेवते," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून बिचारे फटफटी रोज पुसायचे आणि काकूंच्या तोंडाकडे पाहायचे. जीव अडकला होता हो त्या लोखंडात.

आठवड्यानं आम्ही ओसरीवर चहा घेत होतो, तर दारात किसन. हातात दावं, दाव्याला दुभती म्हैस.

"तंबूवाल्या साहेबाचं घर हेच का? अपील कराले आलो. फी आनली."

नानासाहेब पांढरेफटक पडून दाराआड गेले. काकूंनी म्हशीला एकदा पुढून पाहिलं, एकदा मागून पाहिलं.

"साहेब दौऱ्यावर गेले," त्या म्हणाल्या. "अपील दाखल झालं. म्हैस थ्या फटफटीले बांध."