अर्धा मिनिट रेघा

आमच्या स्टाफरूममध्ये नवीन माणूस आला की जुनी मंडळी त्याला तीन दिवस नीट वागवतात. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी चहाचा कप खाली ठेवतं आणि माझ्याकडं बोट करून म्हणतं, "ह्यांना त्या कॅसेटचं विचारा." मग काय, सांगावं लागतं. एक किस्सा काढला की त्याच्या मागं दुसरा निघतो, आणि दुसऱ्याशिवाय तिसरा कळत नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ढिगानं किस्से साठले, पण मागणी फक्त ह्या कॅसेटलाच. आता सगळे हसतात, मीही हसतो. त्या वर्षी मात्र मला अजिबात हसू येत नव्हतं.

कारण असं. साल सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. कोल्हापूर जिल्ह्यात बिद्रीच्या बाजूला एका गावात हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवत होतो. संस्थेची ऑर्डर हातात होती, पण सरकारी मान्यता आलेली नव्हती. मान्यता नाही म्हणजे मास्तर नुसता म्हणायला. दोन वर्षं तशीच गेली होती. ह्या वर्षीच्या इन्स्पेक्शनला शिक्षण खात्याचे साहेब माझा पाठ बघणार आणि बरा शेरा देणार, तरच फाईल पुढं सरकणार. नाहीतर जूनपासून माझ्या खुर्चीत बसायला दुसरा माणूस तयारच होता.

आणि माझे वडील आदल्या चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन सांगून मोकळे झालेले, "आमचा अशोक कायम झाला." आमच्या घरातला पहिला मास्तर मी. भर मांडवात टाळ्या पडल्या. मी मागं उभा होतो. त्यांना खोटं पाडायचं म्हणजे कसं?

*

त्या वर्षी साखर कारखान्यानं शाळेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भेट दिला. नारळ फुटला, फोटो निघाले, आणि हेडसरांनी टीव्ही लाकडी कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली शिपाई बंडूमामांच्या कमरेला.

मी कोल्हापूरला जाऊन एक कॅसेट घेऊन आलो. झाडं आपलं अन्न कशी तयार करतात, ते कार्टूनसारखं हलत्या चित्रांतून दाखवलेलं. मुळांतून पाण्याचे थेंब रांगेनं वर चढतात, पानाची बारीक दारं उघडतात, हवा आत शिरते, वरून ऊन येतं आणि पानात साखर तयार होते. सातवीला प्रकाशसंश्लेषण मी फळ्यावर तीनदा शिकवलं होतं. तिन्ही वेळा पोरं खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर मोजत बसलेली.

मी हेडसरांकडं गेलो. "सर, टीव्ही पाहिजे होता."

"कशाला?"

"शिकवायला."

हेडसर घाबरले. "आणि बिघडला तर?"

"कपाटात ठेवून पण बिघडेलच की सर."

"बिघडू दे," हेडसर म्हणाले. "मग तो आपोआप बिघडला असं लिहिता येतं."

*

महिनाभर मागं लागल्यावर परवानगी मिळाली. सातवीचा वर्ग, बेचाळीस पोरं, टीव्ही टेबलावर. बंडूमामांनी टीव्ही पुसला, टेबल पुसलं, वायर पुसली. मामा तसे फार स्वच्छ माणूस. मी कॅसेट आत सरकवताना ते कौतुकानं म्हणाले, "सर, कॅसेट बी पुसून ठेवलीया. आतनं."

"आतनं म्हणजे?"

"झाकण उघडून. वल्ल्या फडक्यानं. लई लांब पट्टी असती वं त्यात."

माझा हात तिथंच थांबला. पण पोरं बसलेली, हेडसर दारात उभे. बटण दाबलं. आणि चित्र आलं, नवल म्हणजे छान आलं. थेंब चढले, दारं उघडली, हवा शिरली. पोरं श्वास धरून बघत होती. ऊन पानावर पडलं, आता साखर तयार होणार, आणि बरोबर त्याच जागी पडद्यावर नुसत्या रेघा. आवाजही गेला.

मी पुढं झालो. टीव्हीच्या कुशीला एक थाप मारली आणि तोंडाला आलं ते बोललो, "थांबा. दिसत नाही, पण आत काम चालू आहे."

अर्धा मिनिट गेला. चित्र परत आलं तेव्हा पानातून साखरेचे शुभ्र चौकोन बाहेर पडत होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खिशातला रुमाल काढून मान पुसली.

*

पोरांना ती कॅसेट इतकी आवडली की दर शनिवारी मागायला लागली. अर्धा मिनिट रेघा ठरलेल्या. मी थाप मारायचो, तेच वाक्य म्हणायचो. चौथ्या खेपेला मी "आत काम चालू आहे" म्हणालो आणि बेचाळीस पोरांनी एकदम बाकावर थाप मारली. हेडसर धावत आले. त्यांना वाटलं कौलं कोसळली.

मी खुशीत होतो. पोरं रमलीत, म्हणजे शिकलीत. सहामाहीला पाच मार्कांचा प्रश्न टाकला, 'वनस्पती अन्न कसे तयार करतात?' पेपर तपासायला घेतले आणि पहिल्याच पेपरात वाचलं: 'मुळे पाणी घेतात. पानात हवा जाते. ऊन पडते. मग अर्धा मिनिट रेघा येतात. सर टीव्हीला मारतात. मग साखर तयार होते.'

दुसऱ्या पेपरात तेच. तिसऱ्यात आकृती होती, नावं दिलेली: पान, सूर्य, सरांचा हात. फळ्यावर तीनदा सांगितलेलं हरितद्रव्य बेचाळीसपैकी कुणीही लिहिलं नव्हतं. मला माझाच राग आला. दोन वर्षं घासून मी पोरांना काय शिकवलं तर टीव्ही बडवायला.

गठ्ठा हेडसरांच्या हाताला लागलाच. त्यांनी चार पेपर वाचले, चष्मा काढला. "कांबळे, हे साहेबांनी बघितलं तर तुमचं काय होईल, माहीत आहे ना?"

"आहे सर."

"ह्याला तुम्ही पाचपैकी साडेतीन दिलेत. कशाचे?"

"क्रम बरोबर आहे सर," मी म्हणालो.

*

वर्गात राजश्री म्हणून एक मुलगी होती. तिचे वडील कारखान्यात कामाला. ही पोरगी ऐकलेलं तसंच गिळणारी नव्हती. एक दिवस उभी राहिली.

"सर, साखर पानात हुती म्हणताय. मग कारखान्यात ऊस कशाला न्हेत्यात? पानं न्यायची की. शेंड्याचं वाडं तर आमी म्हशीला घालतोय."

आता उसाच्या मुलखात हा प्रश्न यायचाच. मी सांगितलं, साखर पानात तयार होते आणि मग उसाच्या कांड्यात साठते. तिचं तोंड बघूनच कळलं की पटलेलं नाही. बसता बसता पुटपुटली, "मी बघतो की."

दुसऱ्या दिवशी सातवीतली तीन पोरं जिभा कापून घेऊन आली. उसाचं पान चाटून बघितलं होतं. उसाच्या पानाची कड म्हणजे ब्लेडच. राजश्रीच्या जिभेवर सगळ्यात मोठी चीर.

दुपारी फाटकात सायकल आदळली. खाकी कपड्यातला धिप्पाड माणूस, राजश्रीचे वडील, थेट वर्गाच्या दारात. मागं गावातली दहाबारा माणसं; असल्या वेळी माणसं कुठून येतात देव जाणे.

"पावणं, पानात साखर हाय म्हणून सांगणारं मास्तर तुमीच न्हवं?"

"मीच."

"मी वीस वर्सं कारखान्यात रस आटवायच्या पॅनवर हाय. रसाची साखर माझ्या डोळ्यांम्होरं हुती. मला शिकवताय व्हय?"

 मी म्हणालो, "बसा. दाखवतो." बंडूमामांनी किल्ली काढली. तो माणूस पहिल्या बाकावर कसाबसा मावला. मागची मंडळी खिडक्यांत. थेंब चढले, दारं उघडली, ऊन पडलं, रेघा आल्या. मी थाप मारली. ठरलेलं वाक्य म्हणालो. पोरांनी बाकं बडवली.

साखर बाहेर पडली, मी टीव्ही बंद केला. तो माणूस बंद पडद्याकडं बघत बसला.

"आमच्या पॅनवर बी असंच हाय," तो हळू बोलला. "काचंतनं नुसती वाफ दिसती. आत काय चाललंय ह्याचा मानसानं अंदाजच घ्यायचा."

उठला, दारापर्यंत गेला आणि वळला. "बराबर शिकवताय. पर चाटायला लावू नका."

*

इन्स्पेक्शनची तारीख आली. साहेब मूळचे इतिहासाचे, पण कडक म्हणून जिल्ह्यात प्रसिद्ध. मी कॅसेट घेऊन कोल्हापूर गाठलं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाचं दुकान होतं, त्याच्यापुढं ठेवली. त्यानं झाकण उघडून पट्टी उजेडात धरली.

"हे पुसलंय कुणी?"

"शिपायानं."

"कशानं?"

"ओल्या फडक्यानं."

त्यानं झाकण मिटलं आणि कॅसेट दोन्ही हातांनी मला परत दिली. डॉक्टर हात लावून बघतो आणि फी घेत नाही, तसं झालं. नवीन कॅसेट यायला दोन महिने लागणार होते.

घरी माझी बायको सुनंदा म्हणाली, "तुम्ही तोंडानंच शिकवा की. तुम्हाला येतंय ते." तिचं खरं होतं. पण हेडसरांनी अहवालात आधीच लिहून ठेवलेलं, 'दूरदर्शन संचाचा नियमित व प्रभावी वापर'. म्हणजे टीव्ही लावणं भागच होतं. वडील शेजारी जेवत होते. त्यांनी भाकरी मोडत माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं की काय, मला आजवर ठाऊक नाही.

आदल्या दिवशी मी सातवीला बजावलं. "उद्या मी टीव्हीला मारणार नाही. तुम्ही बाकाला मारायचं नाही. आणि रेघांचं नाव कुणी काढायचं नाही."

"व्हय सर," बेचाळीस पोरं एका सुरात म्हणाली. इतकं शहाण्यासारखं म्हणाली की माझी भीती आणखी वाढली.

*

साहेब मागच्या बाकावर बसले. शेजारी हेडसर, मांडीवर शेऱ्यांची वही. मी फळ्यावर हरितद्रव्य शिकवलं, चांगलं शिकवलं. मग टीव्ही लावला. लाईट जाईल अशी आशा होती, गेली नाही. त्या दिवशी गेली असती तर वायरमनच्या पाया पडलो असतो.

थेंब चढले. दारं उघडली. ऊन पडलं. रेघा.

मी हात पाठीमागं बांधून उभा. पोरं टीव्हीकडं बघेनात, माझ्याकडं बघत होती, आणि प्रत्येकाचा तळवा बाकाच्या वर चार बोटं अधांतरी. आयुष्यातला सगळ्यात लांब अर्धा मिनिट. मग साखर आली. मी बटण बंद केलं.

साहेब उठले. चालत पुढं आले आणि नेमकं राजश्रीपुढं थांबले.

"साखर तयार होण्याच्या आधी मधे काय झालं, सांग बघू."

राजश्री उभी राहिली. माझ्याकडं बघितलं. "सांगायचं न्हाय म्हणून सरांनी सांगितलंय."

हेडसरांनी डोळे मिटले. मला वडिलांचा तो माईक दिसला.

"का?" साहेबांनी विचारलं. आवाज चढलेला.

राजश्रीच बोलली, अगदी शांतपणे. "साहेब, ते दिसतच न्हाय. कारखान्यात बी दिसत न्हाय. माझं बाबा म्हणत्यात, नुसती वाफ दिसती, अंदाज घ्यायचा. म्या पान चाटून बी बघितलं, जीभ कापली. तुमी येवढं मोठं साहेब हाईसा, तुमाला ठावं असंल. काय हुतंय वं मधी? सांगा की."

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. टीव्हीकडं बघितलं, फळ्याकडं बघितलं, हेडसरांकडं बघितलं. हेडसर छताकडं बघत होते. बेचाळीस पोरं साहेबांच्या तोंडाकडं बघत होती.

"हं," साहेब म्हणाले. "त्या वेळी... म्हणजे असं बघा... दिसत नसलं तरी, आत काम चालू असतं."

आणि बेचाळीस तळवे एकदम बाकांवर पडले.

साहेब दचकून एक पाऊल मागं सरले. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि हेडसरांच्या मांडीवरची वही ओढून घेतली. त्यात लिहायला लागले. ते गेल्यावर हेडसरांनी वही न उघडताच माझ्यापुढं धरली. मी मोठ्यानं वाचलं:

'इयत्ता सातवी, विज्ञान. पाठ पाहिला. आत काम चालू आहे. मान्यतेस हरकत नाही.'